मदत हवी आहे: टेलविंड ४ वर गेलो आणि मोंढ्यातल्या संगणकावर बटणं गायब

नमस्कार मंडळी. लातूरच्या मोंढ्यात एका आडत दुकानाला २०२२ मध्ये हिशोबपट्टीचं ॲप करून दिलं होतं. कट्टे, वजन, भाव टाकला की हमाली-तोलाई वजा होऊन पट्टी छापली जाते. क्रिएट रिॲक्ट ॲप (रिॲक्टमध्ये वेब ॲप उभं करून देणारं साधन) आणि टेलविंड ३ (पानाचं रंगरूप ठरवणाऱ्या सीएसएसचे तयार क्लास), बाकी काही भारी नाही. कधी तक्रार नव्हती.

१४ फेब्रुवारी २०२५ ला रिॲक्टवाल्यांनी क्रिएट रिॲक्ट ॲप अधिकृतपणे बाद केलं, तेव्हापासून डोक्यात किडा वळवळत होता. सोयाबीनची आवक वाढायच्या आत उरकू म्हणून व्हीट ७ या त्याच कामाच्या दुसऱ्या साधनावर नेलं. माझ्याकडं नोड (ही साधनं ज्यावर चालतात ते) १८ होतं, व्हीट ७ ला किमान २०.१९ लागतं, तेवढं बदललं. इथवर ठीक. मग हात शिवशिवले आणि अपग्रेडचं टूल चालवून टेलविंडपण ४ वर नेलं. हे कुणीच मागितलं नव्हतं.

सकाळी मुनीमजींचा फोन: "पट्टी काढायचं बटण कुठं गेलं हो?" जाऊन बघतो तर बटण जागेवरच, पण पांढऱ्यावर पांढरी अक्षरं. मुनीमजी सवयीनं अंदाजानं दाबत होते! त्याहून वाईट म्हणजे उचल लाल आणि जमा हिरवी दिसायची, ते दोन्ही आता काळं. एका शेतकऱ्याची उचल जमा म्हणून वाचली गेली, नशीब छापायच्या आत लक्षात आलं.

संगणक विंडोज ७ चा, क्रोम १०९. त्याच्या पुढचं क्रोम विंडोज ७ वर येतच नाही. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये (चुका दाखवणाऱ्या खिडकीत) एक एरर नाही. आधी व्हीटवर संशय घेतला, पण त्याची डीफॉल्ट किमान मर्यादा क्रोम १०७ आहे, म्हणजे तो सुटला. नवीन संगणक घ्या म्हटलं तर मालक म्हणतात, "काल चालत होतं की, तुम्हीच बिघडवलं." खरंच आहे ते. शिवाय पट्टीचा जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर त्याच संगणकावर सुखानं नांदतोय.

टेलविंड ३ वर परत जाऊ, की ४ मध्येच काही जुगाड आहे?

प्रतिसाद १
टेलविंड ४ ला क्रोम १११ लागतं, अपग्रेडच्या माहितीत स्पष्ट लिहिलंय. त्याचे तयार रंग ओकेएलसीएच या रंग लिहिण्याच्या नव्या पद्धतीत आहेत, ती क्रोमला १११ पासूनच कळते. १०९ ला तो रंग समजत नाही, म्हणून पार्श्वभूमी पारदर्शक होते आणि अक्षरं वरच्या घटकाचा रंग घेतात. पांढरा मात्र साध्या हेक्समध्ये (#fff अशा जुन्या रंग-कोडात) आहे, म्हणून तुमची अक्षरं पांढरीच राहिली. सीएसएस असं गुपचूप सोडून देतं, एरर कुठून येणार? जुने ब्राउझर सांभाळायचे तर ३.४ वर राहा, असा त्यांचाच सल्ला आहे. व्हीट ७ तसंच ठेवा, पोस्टसीएसएस या सीएसएसवर प्रक्रिया करणाऱ्या साधनातून ३.४ जोडता येतं.

प्रतिसाद २
दादा, घाई असेल तर टेलविंडच्या थीममध्ये (रंगांच्या यादीत) तेच रंग त्याच नावानं हेक्समध्ये लिहा. चार-पाच रंगच वापरले असतील ना? पण अर्धपारदर्शक रंग तपासा, त्यातलं रंगमिश्रणही १११ पासूनच चालतं. फायरफॉक्स ११५ ईएसआर (लांब मुदतीची आवृत्ती) विंडोज ७ वर चालतं आणि त्यात रंग दिसतील, पण टेलविंड ४ ची अट फायरफॉक्स १२८ ची, त्यामुळं मी त्यावर विसंबणार नाही.

धागाकर्ता
दोघांचे आभार. ती अट मी वाचलीच नव्हती, चूक माझीच. आज रात्री लाल, हिरवा आणि करडा हेक्समध्ये टाकून देतो, म्हणजे उद्या सौदा निघायच्या आत उचल लाल दिसेल. रविवारी ३.४ वर परत. एकच शंका राहिली: अपग्रेडच्या टूलनं क्लासची नावं बदललीत, तीन दिवसांचं माझं नवं कामही त्याच शाखेत मिसळलंय. गिटमधून (कोडच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनातून) फक्त टूलचे बदल मागं कसे घ्यावेत? टूल चालवल्यावर लगेच वेगळी कमिट (बदलांची नोंद) केली नव्हती. रागवा, पण सांगा.