'रोगलाइट'ला मराठीत काय म्हणाल?

काजवा:
'हेडीस' या गेमवर मराठीत लेख लिहितेय. पहिलं वाक्य होतं, "हा एक उत्तम रोगलाइट आहे." मोठ्या बहिणीने वाचलं आणि विचारलं, "कसला रोग?" तिची चूक नाही, देवनागरीत तो रोगच दिसतो. 'रॉग' लिहावं तर उच्चार बिघडतो. तुम्ही काय लिहाल? 'रन'वरही, म्हणजे सुरुवातीपासून मरेपर्यंतच्या एका प्रयत्नाला काय म्हणायचं, यावरही अडलेय.

जुनाभिडू:
आधी शब्द आला कुठून ते पाहा. १९८० साली 'रोग' नावाचा गेम आला. चित्रं नाहीत, नुसती अक्षरं. मोठ्या लिपीतलं प्रत्येक इंग्रजी अक्षर म्हणजे एक राक्षस. तळघरांची रचना दर वेळी नवी, आणि मेलात की सगळं पहिल्यापासून. त्या वळणाचे ते रोगलाइक. २०१३ च्या 'रोग लेगसी'त मेल्यावरही थोडी कमाई हाताशी राहायची, 'रोगलाइट', म्हणजे हलका रोगलाइक, हा शब्द तिथून रुळला. म्हणजे मुळात हे विशेषनाम. लुच्चा, ठग असलं भाषांतर नको.

ओवी:
'लाइक'ला आपल्याकडे '-वजा' आहे की! पत्रवजा, विनंतीवजा, तसं रोगवजा. आणि वजा म्हणजे उणेही. माझ्या मते दोन्ही 'वजा' फारसीतून आलेल्या एकाच शब्दाचे. लाइक आणि लाइट दोन्ही त्यात बसतात.

जुनाभिडू:
ओवीताई, व्युत्पत्ती सुंदर आहे, पण कुठला वजा हे वाचणाऱ्याला कसं कळणार? रोग गेला, असंच वाचलं जाईल.

स्वभाषा:
मुळात रोग हवाच कशाला? 'मरणफेरा' म्हणा. आपला शब्द, ऐकताच कळतो.

काजवा:
फेरा म्हटलं की चौऱ्यांशीचा आठवतो, त्यात दर जन्म नवा. 'हेडीस'मध्ये नायक झॅग्रियस तोच असतो. मेला की रक्ताच्या कुंडातून वर येतो, दाराशी निद्रेचा देव हिप्नॉस यादी बघून कसा मेलास ते सांगतो, आणि पुढे मेजावर बाप हेडीस बसलेलाच असतो. समीक्षकांनी गेम डोक्यावर घेतला तो यासाठीच: मरण आलं की गोष्ट पुढे सरकते.

सांजवेळ:
'रन'ला 'खेप' म्हणा ना. आमच्यात "खेप फुकट गेली" म्हणतात. जुन्या 'रोग'मध्ये मेलात की खेप फुकट. 'हेडीस'मध्ये गोळा केलेला काळोख घरच्या आरशात घालून ताकद वाढवता येते, खेप फुकट जात नाही. मला तर दोन्ही प्रकारांतला फरक या एका वाक्यात सापडतो.

स्वभाषा:
खेप ओझ्याची असते. खेळाला 'डाव' शब्द असताना खेप कशाला?

सांजवेळ:
डाव मोडला की संपतो, त्यातलं पुढच्या डावात काही येत नाही. म्हणून रोगलाइकचा डाव, रोगलाइटची खेप. आणि ओझं आहेच की! देवांचे वर घेत घेत जायचं, मेलं की सगळे टाकून परतायचं.

जुनाभिडू:
हे पटलं. पण ताकद अशी वाढत गेली की खेळणारा सुधारला की आरसा, हे कळत नाही. आम्हा जुन्यांची तक्रार तीच. त्यात 'हेडीस'मधला 'गॉड मोड', म्हणजे गेम सोपा करायची सोय! सुरुवातीलाच २० टक्के मार कमी, दर मरणाला आणखी २, थेट ८० पर्यंत. हे तर कच्चं लिंबू झालं.

ओवी:
कच्चं लिंबू कधीच बाद होत नाही. गॉड मोडमध्ये माणूस मरतो, आणि मेल्यावरच सवलत वाढते. तुलना चुकली. माझ्या बोटांना वेग नाही, मी त्याच सोयीवर शेवटपर्यंत पोचले. मला लिंबू म्हणू नका.

जुनाभिडू:
तुमचा अपमान करायचा नव्हता, माफ करा. पण आमच्याकडे कच्चं लिंबू बाद व्हायचं, फक्त त्याच्यावर राज्य यायचं नाही.

स्वभाषा:
मुळात शब्द 'लिंबूटिंबू' आहे.

सांजवेळ:
दोन्ही वेगळे. लिंबूटिंबू म्हणजे किरकोळ माणसं, मोठ्यांनाही म्हणतात. कच्चं लिंबू फक्त खेळात.

काजवा:
खेप घेतली, आभार. पण पहिल्या वाक्यातल्या रोगाचं काय करू?

ओवी:
जुनाभिडू, राज्य येत नसेल तर बाद होऊन ते मूल करायचं काय? बाहेर बसायचं?

जुनाभिडू:
नाही, लगेच परत खेळायला यायचं.