विषय: शुक्रवारची हॉकीची बस, परत 10:30 नक्की (उत्तर द्या!!)

प्रसाद, मंगळवार 18 मार्च 2025, रात्री 9:42

मंडळी,
शुक्रवारच्या हॉकी ईस्टच्या (कॉलेजांच्या आइस हॉकी लीगच्या) फायनलला 38 नावं झाली. बस 44 ची आहे. सफरचंदांच्या ट्रिपला झालं तसं आयत्या वेळी "आमच्याकडे पाहुणे आलेत" या वेळी चालणार नाही, तिकिटं मोजून काढली आहेत. वेस्टबरोहून 4:45 ला निघू, नेहमीची जागा. परतीची बस बोस्टनच्या टीडी गार्डन स्टेडियमबाहेर कॉजवे स्ट्रीटवर 10:30 ला. तिथे बस उभी करू देत नाहीत, त्यामुळे 10:30 म्हणजे 10:30.
यूकॉन (कनेक्टिकट युनिव्हर्सिटी) गुरुवारी सेमीफायनल हरलं तर मुग्धाताईंच्या ईशानचा कॉलेजचा बँड शुक्रवारी नसेल. तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत. तरी जायचंच. आधीच सांगून ठेवतो.
प्रसाद

---

विनय, मंगळवार, रात्री 10:15

प्रसाद, 10:30 कुठून काढलंस? सामना बरोबरीत राहून ओव्हरटाइम झाली तर?

---

प्रसाद, मंगळवार, रात्री 10:31

झाली तर पाच मिनिटं, आणि मग शूटआउट. जानेवारीत लोवेलला आपण पाहिली की. 10:30 पुरेसं आहे.

---

विनय, मंगळवार, रात्री 11:08

ते लीगच्या सामन्यांना. तीन-तीन खेळाडू, पाच मिनिटं, मग शूटआउट, हे मार्चमध्ये बंद. लीगच्या शेवटी होणाऱ्या बाद फेरीच्या टूर्नामेंटला पाच-पाच खेळाडू, पूर्ण 20 मिनिटांचा ओव्हरटाइम, आणि पहिला गोल होईपर्यंत खेळत राहायचं. मधे दर वेळी साधारण पंधरा मिनिटांची सुट्टी आणि ती बर्फ सारवणारी गाडी.
2015 ला याच हॉकी ईस्टच्या पहिल्या फेरीत यूमास (मॅसॅच्युसेट्स युनिव्हर्सिटी) आणि नोत्र दाम पाच ओव्हरटाइम खेळले. 151 मिनिटं 42 सेकंद. यूमास 4-3. एनसीएएमधला, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज हॉकीतला, तो सगळ्यात लांबलेला सामना. त्यांच्या बसचं काय झालं असेल ते तूच सांग.
आणि गेल्या चार फायनलपैकी दोन ओव्हरटाइमला गेल्या. 2022 यूमास-यूकॉन, 2023 बीयू (बोस्टन युनिव्हर्सिटी)-मेरिमॅक. म्हणजे निम्मी शक्यता धर.

---

सुहास, बुधवार 19 मार्च, सकाळी 7:20

चार सामन्यांवरून निम्मी शक्यता काढतोस? पगार कशाचा घेतोस बाबा तू?
बाकी ही ती बीनपॉटच ना? ती तर फेब्रुवारीत होऊन गेली असं मुलगा म्हणतो.

---

विनय, बुधवार, सकाळी 7:34

बीनपॉट वेगळी. ती बोस्टनच्या चारच कॉलेजांची, बीयू, बीसी (बोस्टन कॉलेज), हार्वर्ड, नॉर्थईस्टर्न. फेब्रुवारीतले पहिले दोन सोमवार. यंदा बीयूने घेतली. आपण जातोय ते हॉकी ईस्टचं फायनल, अकरा कॉलेजं, मेनपासून कनेक्टिकटपर्यंत. जिंकणाऱ्याला लॅमोरिएलो ट्रॉफी आणि एनसीएएच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या सोळा संघांत थेट प्रवेश. हार्वर्ड यात नाही, ते ईसीएसी या दुसऱ्या लीगमध्ये.
पगाराचं नंतर बोलू.

---

मुग्धा, बुधवार, सकाळी 8:05

प्रसाद, खाण्याचं काय ठरलं? 4:45 ला निघायचं म्हणजे कोणी जेवून येणार नाही. मी 40 बटाटेवडे आणि पुदिन्याची चटणी आणू शकते. सासूबाईंना गोळ्या वेळेवर घ्यायच्या असतात, पोटात काहीतरी हवं.
ईशान म्हणाला बँडला गुरुवारीच बोस्टनमध्ये ठेवणार आहेत. ट्रॉम्बोन घेऊन आला की फोन करतो म्हणाला. बघू.

---

शुभांगी (सचिव), बुधवार, सकाळी 9:50

सर्वांना नमस्कार,
दोन मुद्दे. पहिला, ही ट्रिप मंडळाची नाही. कार्यकारिणीत हा विषय आलेला नाही. बसवाल्याच्या फॉर्मवर मंडळाचं नाव घातलं असेल तर कृपया काढावं, विम्याचा प्रश्न येतो. दुसरा, शुक्रवारी संध्याकाळी पाडव्याच्या कार्यक्रमाची लेझीमची तालीम आहे हे जानेवारीपासून सगळ्यांना माहीत आहे. पाडवा 30 तारखेला. लेझीमच्या 16 जणांपैकी 7 जण बसच्या यादीत दिसतात.
शुभांगी

---

प्रसाद, बुधवार, सकाळी 10:12

शुभांगीताई, फॉर्मवर माझं स्वतःचं नाव आहे आणि माझंच क्रेडिट कार्ड. लेझीमची तालीम गेल्या दोन शुक्रवारी रद्द झाली तेव्हा मेल आली नव्हती. असो.
मुग्धाताई, वडे बसमध्ये खाऊ. गार्डनमध्ये बाहेरचं काही नेऊ देत नाहीत, बॅगही चालत नाही. पर्स गाडीत ठेवून या. आजींच्या गोळ्या खिशात.

---

अरविंद, बुधवार, दुपारी 1:40

प्रसाद, विनय म्हणतो ते हसण्यावारी नेऊ नकोस. 2004 ला हेच फायनल होतं, मेन विरुद्ध यूमास, याच इमारतीत. तेव्हा तिला फ्लीट सेंटर म्हणायचे. तीन ओव्हरटाइम. मी लोवेलला राहत होतो, नॉर्थ स्टेशन खालीच असल्यामुळे निर्धास्त होतो. दुसऱ्या ओव्हरटाइमला बायको म्हणाली, "निघू या, गाडी जाईल." मी म्हटलं, आता गोल होईलच. गोल झाला, मेन जिंकलं, आणि खाली उतरलो तर फलाट रिकामा. लाँगफेलो पुलावरून चालत केंब्रिजला मित्राकडे गेलो. पुलावर वारा असा होता की ती वाटभर एक शब्द बोलली नाही, आणि ते वाऱ्यामुळे नव्हतं.
मी ओरोनोला, मेन युनिव्हर्सिटीत, शिकलो हे जुन्यांना माहीतच आहे. 1993 चं मेन आम्ही याचि डोळा पाहिलं. 42 जिंकले, एक हरले, दोन बरोबरीत. पॉल कारिया पहिल्या वर्षाचा पोरगा, कॉलेज हॉकीतल्या सर्वोत्तम खेळाडूचा होबी बेकर पुरस्कार घेऊन गेला. राष्ट्रीय फायनलला 4-2 ने मागे होतो, तिसऱ्या पिरियडमध्ये कॅप्टन माँटगोमेरीने तीन गोल केले. हो, तोच, ज्याला ब्रुइन्सने (बोस्टनच्या व्यावसायिक संघाने) नोव्हेंबरमध्ये कोचपदावरून घरी पाठवलं. तेव्हापासून मी त्यांचे सामने बघायचे सोडले.
मेनने 2004 नंतर हॉकी ईस्ट जिंकलेली नाही. माझं नाव यादीत धर, उभ्याने आलो तरी चालेल.

---

नितीन (ॲक्टन), बुधवार, दुपारी 2:25

आम्हाला बसची भानगडच नाही. फिचबर्ग लाइन थेट नॉर्थ स्टेशनला, वर चढलं की गार्डन. वेस्टबरोकरांनी उगाच बस केली.

---

प्रसाद, बुधवार, दुपारी 2:31

नितीन, आमची लाइन साउथ स्टेशनला जाते. ऑरेंज लाइनने बॅक बे, मग तिथून वुस्टरची गाडी, 38 माणसं, त्यात सहा आज्या. तू कर आयोजन, मी तिकीट काढून येतो.

---

नितीन (ॲक्टन), बुधवार, दुपारी 2:40

मी फक्त सुचवलं.

---

सुहास, बुधवार, संध्याकाळी 6:15

काका, पुलाचा किस्सा मागच्या गणपतीत केंब्रिजऐवजी चार्ल्सटाउनला संपला होता :)

---

प्रसाद, बुधवार, रात्री 9:05

बसवाल्याशी बोललो. 11:30 पर्यंत थांबायचं तर एका तासाचे 150 डॉलर जादा, आत्ताच ठरवायचं, नंतर परत मिळणार नाहीत. 38 ने भागले तर माणशी चार डॉलर. उद्या दुपारपर्यंत हो किंवा नाही कळवा. कृपया फक्त हो किंवा नाही.

---

मुग्धा, बुधवार, रात्री 9:30

हो. पण लहान मुलांचे चार धरायचे का? ईशानचा धाकटा भाऊ सीटवर बसणारच नाही, बँडपाशी जाऊन उभा राहणार.

---

सुहास, बुधवार, रात्री 10:02

माझं नाही. विनयला हवंय, विनयने भरावेत.

---

शुभांगी (सचिव), गुरुवार 20 मार्च, सकाळी 8:40

पुन्हा आठवण: ही मेलची यादी मंडळाच्या कामासाठी आहे. काल या विषयावर बारा मेल आल्या. श्रीखंडाच्या ऑर्डरीच्या मेलला दोन उत्तरं आली आहेत.

---

अरविंद, गुरुवार, सकाळी 8:55

श्रीखंड अर्धा किलो, केशर. आणि बसचं हो.

---

विनय, शुक्रवार 21 मार्च, सकाळी 6:50

सकाळी उठून स्कोअर बघितला असेलच. मेन-नॉर्थईस्टर्न 4-3, डबल ओव्हरटाइम. आणखी काही बोलत नाही.
यूकॉनने बीयूला घरी पाठवलं. ज्यांची मुलं बीयूत आहेत त्यांनी बसमध्ये मागे बसावं.

---

प्रसाद, शुक्रवार, सकाळी 7:02

11:30 केलं. कार्ड चाललं. सुहास, तुझे चार मी भरतो, पण विषय थांबव.
मेन आणि यूकॉन. काका, मुग्धाताई, दोघं बसमध्ये शेजारी बसू नका.

---

मुग्धा, शुक्रवार, सकाळी 7:15

ईशान रात्री उशिरा बोलला. घसा बसलाय. ट्रॉम्बोन वाजवणाऱ्याचा घसा कसा बसतो विचारलं, तर म्हणाला, "वाजवत नसतो तेव्हा ओरडतो." वडे 60 करते.

---

शुभांगी (सचिव), शुक्रवार, सकाळी 11:20

लेझीमची आजची तालीम रविवारी 3 वाजता. बसमध्ये जागा असल्यास कळवावे. दोन.

---

प्रसाद, शनिवार 22 मार्च, सकाळी 10:30

मंडळी,
सगळे घरी सुखरूप पोचले असतीलच. हिशेब:
सामना वेळेत संपला. 5-2, मेन. ओव्हरटाइमचं नावही नाही. ड्रायव्हर 11:30 समजून कुठेतरी गाडी लावून झोपला होता, म्हणून आपण कॉजवे स्ट्रीटवर थंडीत चाळीस मिनिटं उभे होतो. याबद्दल कोणीही मला मेल करू नये.
150 डॉलर गेले. माणशी 4 प्लस बसचे 22. ज्यांनी दिले नाहीत त्यांनी आज द्या.

---

सुहास, शनिवार, सकाळी 10:41

मी नाही म्हटलं होतं. लेखी आहे.

---

विनय, शनिवार, सकाळी 10:50

गुरुवारी बस असती तर तू पुलावर असतास.

---

अरविंद, शनिवार, सकाळी 11:30

एकवीस वर्षांनी! शेवटची दोन मिनिटं निळी टोपीवाली सगळी पोरं उभी होती. ओरोनोहून चार तास गाडी हाकून आलेली. माझ्या पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याकडे 1993 चा शर्ट होता, त्याने माझी टोपी बघितली आणि काही न बोलता हात पुढे केला. थंडीत उभं राहायला माझी काही हरकत नव्हती. मुग्धा, तुझ्या मुलाचा बँड हरत असतानाही शेवटपर्यंत जोरात वाजला, हे त्याला सांग.

---

मुग्धा, शनिवार, दुपारी 12:10

सांगितलं काका. "मेनवाले लोक बरे असतात" म्हणाला, नाराजीने.
बसमध्ये माझा स्टीलचा मोठा डबा राहिलाय, वड्यांचा, झाकणावर सासूबाईंचं नाव कोरलंय. शिवाय ट्रॉम्बोनच्या तोंडाला लावायचा काळा म्यूट, धाकट्याने बसमध्ये टोपी म्हणून घातला होता. प्रसाद, बसवाल्याला फोन कर ना. डबा लग्नातला आहे.

---

शुभांगी (सचिव), शनिवार, दुपारी 12:25

डबा माझ्याकडे आहे. उतरताना उचलला. रविवारी तालमीला या, तेव्हा न्या. म्यूट माहीत नाही.
मुग्धाताई, श्रीखंडाचं अजून कळवलं नाहीत.