थायरॉइडच्या गोळीमुळे बाळाचे ड जीवनसत्त्व घटते का?

प्रश्न : माझ्या नऊ महिन्यांच्या मुलीला जन्मजात हायपोथायरॉइडिझम (थायरॉइड ग्रंथीचे संप्रेरक कमी तयार होणे) असून, जन्मानंतरच्या तपासणीत निदान झाल्यापासून तिला रोज सकाळी लेव्होथायरॉक्सिनची, म्हणजे थायरॉइड संप्रेरकाची गोळी दिली जाते. टीएसएच (थायरॉइडचे काम दाखवणारी रक्ततपासणी) मर्यादेत आहे; मात्र नुकतेच ड जीवनसत्त्व १४ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर आले. ही गोळी हाडे खाते, असे घरातील वडीलधारी माणसे म्हणतात. मात्रा कमी करून घ्यावी का?

बालरोगतज्ज्ञ : मात्रा आपल्या मनाने मुळीच कमी करू नये. पहिली दोन-तीन वर्षे मेंदूची वाढ थायरॉइड संप्रेरकावर अवलंबून असते आणि तेव्हाचे नुकसान पुढे भरून निघत नाही.

अहवालातला आकडा शरीरातील साठा दाखवतो. त्वचेत तयार झालेल्या किंवा पोटातून गेलेल्या ड जीवनसत्त्वावर यकृतात प्रक्रिया होऊन हा साठा बनतो, आणि त्याचे प्रत्यक्ष काम करणारे रूप पुढे मूत्रपिंडात तयार होते. थायरॉइडचा प्रभाव मुख्यतः या दुसऱ्या टप्प्यावर पडतो. संप्रेरक गरजेपेक्षा जास्त झाले की हाडांची झीज वाढून रक्तात कॅल्शियम चढते, त्यामुळे कॅल्शियमचे नियंत्रण करणाऱ्या गळ्यातील पॅराथायरॉइड ग्रंथी मंदावतात आणि त्यांच्या संप्रेरकावर चालणारे मूत्रपिंडातले रूपांतर कमी होते. टीएसएच मर्यादेत असलेल्या बाळात ही साखळी सुरू होण्याचे कारण नाही. ऊन कमी मिळणे आणि ड जीवनसत्त्वाचे थेंब न देणे किंवा चुकणे, हीच कारणे आधी पाहावीत, कारण आईच्या दुधात हे जीवनसत्त्व फारच थोडे असते. म्हणूनच पहिल्या वर्षी बाळांना रोज ४०० आययू (आंतरराष्ट्रीय एकक) ड जीवनसत्त्व देण्याची शिफारस आहे. १२ च्या खाली कमतरता आणि १२ ते २० अपुरे, असे सर्वसाधारणपणे मानतात.

घरच्यांची भीती अगदीच निराधार नाही, पण ती अतिमात्रेला लागू पडते. उपचारच नसतील, तर उलट बाळाच्या हाडांची वाढ मागे पडते.

औषधनिर्माता : थेंबांच्या बाटलीवरचा मजकूर नीट वाचावा, असे मी सुचवेन. नुसत्या ड जीवनसत्त्वाची अडचण नसते. पण अनेक सिरपांत त्याच्या जोडीला कॅल्शियम असते, आणि कॅल्शियम व लोह थायरॉइडच्या गोळीला आतड्यात धरून ठेवत असल्याने ती पुरेशी शोषली जात नाही. त्यामुळे दोन्हींमध्ये किमान चार तासांचे अंतर ठेवावे. गोळी चुरून चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात लगेच द्यावी. दुधाच्या पूर्ण बाटलीत मिसळल्यास, बाळाने दूध अर्धे सोडले तर मात्राही अर्धीच जाते.

प्रश्नकर्ती : आभारी आहे. अहवालात अल्कलाइन फॉस्फेटेज या हाडांशी संबंधित विकरापुढे ‘जास्त’ अशी खूण आहे. हे मुडदुसाचे लक्षण समजावे का?

बालरोगतज्ज्ञ : ती खूण प्रौढांच्या मर्यादेवरून केलेली असू शकते, वाढत्या बाळात हा आकडा मुळातच जास्त असतो. मनगटे रुंद वाटत असतील किंवा आकडा वयाच्या मानानेही जास्त असेल, तर डॉक्टर कॅल्शियम, फॉस्फरस आणि मनगटाचा एक्स-रे पाहतील. थेंबांची मात्राही तेच ठरवतील. ड जीवनसत्त्वाची फेरतपासणी साधारण तीन महिन्यांनी करावी, आणि मधल्या काळात कॅल्शियम सुरू केले तर टीएसएच तीन महिने न थांबता पाहून घ्यावे.