नोटाची सगळी मतं काँग्रेसची होती का?

"२०२४च्या लोकसभेला इंदूरला काँग्रेसची सगळी मतं नोटाला (म्हणजे 'यापैकी कुणीही नाही' या बटणाला) गेली," असं पुष्कळ जण म्हणतात. मला ते पटत नाही, आकडे वेगळंच सांगतात. २०१९ला काँग्रेसला इथे ५ लाख २० हजारांच्या वर मतं होती. २०२४ला त्यांच्या उमेदवाराने २९ एप्रिलला, माघारीच्या शेवटच्या दिवशी, अर्ज मागे घेतला. पक्षाने नोटाचं आवाहन केलं आणि नोटाला २,१८,६७४ मतं पडली. मग उरलेले तीन लाख गेले कुठे? मतदानाची टक्केवारी घसरली होती हे विसरू नका. पुष्कळ जण घरीच बसले, आणि मला नोटापेक्षा त्यांचंच जास्त वाईट वाटतं.

शिवाय नोटा दाबणारे सगळे काँग्रेसवालेच होते असंही नाही. आमच्या इंदूरच्या राजेंद्रनगरात भाजपच्या माजी खासदार सुमित्राताई महाजनांना आठही वेळा मत देणारी माणसं आहेत. त्यातले एक काका रांगेत माझ्या पुढेच होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "चौदा नावं वाचली, पंधरावं बटण दाबलं. चिठ्ठीवर नोटा दिसेपर्यंत हललो नाही." ताईंनीही तेव्हा, काँग्रेस उमेदवाराच्या माघारीचं जे झालं त्याची गरज नव्हती, असं उघड सांगितलं होतं. भाजपचे शंकर लालवानी पावणेबारा लाखांनी जिंकले हे खरंच, पण बूथवार आकडे फॉर्म २० मध्ये, म्हणजे निवडणूक आयोगाच्या निकालपत्रकात, मिळतात. आपापल्या वॉर्डाचे २०१९चे आणि २०२४चे शेजारी ठेवून बघा, मग बोलू.