गाडगेबाबांची पुण्यतिथी: खराट्यापलीकडे काय सांगू?

चौथीच्या बाई:
२० डिसेंबरला शाळेत दरवर्षी ठरलेलं: फोटोला हार, पोरांच्या हातात खराटे, मैदान चकाचक. यंदा पालकही येणार आहेत, म्हणून बाबांच्या शिक्षणविचारावर बोलावं म्हणते. स्वतःला अक्षरओळख नसलेल्या या कीर्तनकाराने शाळेचा एवढा ध्यास घेतला; त्याचा भक्तीशी संबंध कसा लावायचा?

वऱ्हाडी मास्तर:
बाई, आधी त्यांचं १९५६ सालचं वांद्र्याचं कीर्तन ऐका, ध्वनिमुद्रण आहे. देव किती, असं बाबा विचारतात. लोक म्हणतात, एक. तुमच्या गावात खंडोबा आहे? आहे. भैरोबा? तोही आहे. मोजता मोजता लोकच गडबडतात. उत्तर पोरांकडूनच काढून घ्या, असं आम्हाला बीएडला घोकवत. बाबांना ते उपजतच येत होतं.

आता भक्तीचं. पंढरपुरात त्यांनी चोखोबांच्या नावाने धर्मशाळा बांधली, ती अस्पृश्य वारकऱ्यांसाठी. तीच वास्तू १९४९ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. ऐन वारीच्या गावातली जागा शिक्षणाला! पालकांना एवढं सांगितलं तरी पुरे. आणि ते प्रसिद्ध बोल आहेतच: ताट मोडा, हातावर भाकर घेऊन खा, पण पोराला शाळेत घाला.

दोन पोरांचा बाप:
ताट कधीच मोडलंय हो मास्तर. थोरलीच्या नीटच्या क्लासपायी बायकोचं सोनं गहाण आहे. हे बोल आज सभेत ऐकवले तर क्लासवाल्यांची फुकट जाहिरात व्हायची.

वऱ्हाडी मास्तर:
बरोबर बोललात. म्हणूनच तेवढंच सांगून थांबू नये. पैसा कुठे वाचवायचा तेही बाबा सांगत: दारू, नवसाचं बकरं, कर्ज काढून केलेला सण. मुलीच्या बारशाला दारू-मटणाचा रिवाज मोडून त्यांनी गोडाची पंगत घातली होती. शिवाय पोराच्या शिक्षणाचा भार एकट्या बापावर टाकून ते मोकळे झाले नाहीत. लोकांनी दिलेल्या पैशातून त्यांनी धर्मशाळांबरोबर आश्रमशाळा, वसतिगृहंही उभी केली. त्यांच्या दशसूत्रीत गरीब मुलामुलींना शिक्षणासाठी मदत ही भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी यांच्याच रांगेत येते, आणि या सगळ्यालाच ‘रोकडा धर्म’ म्हटलंय. क्लासची फी त्या रांगेत बसत नाही, गावातल्या गरजू पोराची वही-पेन बसते.

माझ्या आईची तेरवी मी केली नाही. तो पैसा शाळेच्या वाचनालयाला दिला. भाऊबंद बरेच दिवस बोलत नव्हते, ते सोडा.

चौथीच्या बाई:
तेरवीचं काढलं तर सरपंच पहिल्या रांगेतून उठून जातील! पण वही-पेनसाठी सभेतच डबा फिरवता येईल. खंडोबा-भैरोबाची सवालजबाबी पोरांकडून करून घेते: एक जण बाबा, बाकीचा वर्ग गावकरी. भाषण रद्द.