पहिलं घर केवढं घेतलंत? मूल होण्याआधी घर घेतलेल्यांनी अनुभव लिहा

आम्ही दोघं पुण्यात, लग्नाला तीन वर्षं झाली. येत्या वर्षा-दोन वर्षांत मूल व्हावं असं मनात आहे, आणि त्याआधी भाड्याचं घर सोडून स्वतःच्या घरात जायचंय. दोन घरं मनात भरलीत. एक कर्वेनगरला, रीसेल, वन बीएचके, कार्पेट म्हणजे घराच्या आतलं क्षेत्र ४३० चौरस फूट, किंमत ५८ लाख. माझं माहेर तिथून चालत. दुसरं पुनावळ्याला, बांधकाम चालू असलेलं टू बीएचके, कार्पेट ६४०, किंमत ७८ लाख. मुद्रांक शुल्क ७ टक्के आणि नोंदणीचे ३० हजार दोन्हीकडे आहेत, पुनावळ्याला वर ५ टक्के जीएसटी. सगळं धरून एक ६२ लाख ३६ हजारांना पडतं, दुसरं ८७ लाख ६६ हजारांना. कर्ज दोन्हीकडे किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच मिळेल, वरचं सगळं साठवणीतून.

घरात एकच वाक्य ऐकतेय, "घेतानाच मोठं घ्या, घर काय पुन्हा पुन्हा होतं का?" मला सल्ला नकोय. तुम्ही घर घेताना मूल नव्हतं, नंतर झालं किंवा नाही झालं, तेव्हा प्रत्यक्ष काय घडलं ते सांगा.

डोंबिवली

२०११ ला घेतलं, कार्पेट ३२५. मुलगी २०१३ ची. बाळंतपण माहेरी झालं, तीन महिन्यांनी घरी आले तेव्हा सासूबाई नाशिकहून आल्या आणि दीड वर्ष राहिल्या. पावसाळ्यात हॉलभर दोऱ्या, दोऱ्यांवर दुपटी आणि लंगोट, पंखा पाचवर. बाळ झोपायच्या आत कुकर उतरला पाहिजे हा घराचा नियम होता, कारण शिट्टी झाली की ती दचकून उठायची. नवरा रात्रपाळी करून आला की दिवसा झोपायला समोरच्या काकूंच्या आतल्या खोलीत जायचा. काकूंनी कधी तोंड वाकडं केलं नाही.

अडचण झाली का? झाली. पण हप्ता ११ हजार होता, त्यामुळे मी दोन वर्षं नोकरी सोडू शकले. ती दोन वर्षं मला कुठल्याही खोलीपेक्षा मोठी वाटतात. आणि एक सांगते, घर अपुरं पडलं ते बाळ असताना नाही. ती पहिलीत गेली, अभ्यासाला कोपरा मागू लागली, मैत्रिणी घरी येऊ लागल्या, तेव्हा पडलं. तोपर्यंत सहा वर्षं मिळाली होती. २०१९ ला ते विकून कल्याणला टू बीएचके घेतलं. पुन्हा मुद्रांक शुल्क, पुन्हा दलाली, पुन्हा माळे आणि कपाटं. ते पैसे भरताना जीव तुटला, हेही खरं.

गृहकर्जाच्या टेबलावर काम करतो

वरच्या ताईंचा शेवटचा मुद्दा आकड्यात मांडतो. साडेआठ टक्के व्याज धरा, मुदत २० वर्षं, तर लाखाला ८६८ रुपये हप्ता. पाच वर्षांत लाखामागे ५२ हजार भरून होतात आणि मुद्दल फिटलेलं असतं जेमतेम १२ हजार. म्हणून "आत्ता छोटं घेऊ, पाच वर्षांनी मोठं" म्हणणाऱ्यांनी कर्ज फिटलेलं असेल असं समजू नये, जे काही हाती येईल ते घराच्या वाढलेल्या किमतीतून. छोट्या घराचा हप्ता आणि मोठ्याचा हप्ता यांतला फरक दरमहा बाजूला टाकत गेलात तरच पुढची उडी जमते. तुमच्या दोन घरांत तो फरक साधारण १३,९०० रुपये आहे. तो खरंच बाजूला पडेल का, हे दोघांनी बसून ठरवा.

जुनं विकून ठरल्या मुदतीत दुसरं राहतं घर घेतलं तर दीर्घ मुदतीच्या नफ्यावर आयकरात सवलत मिळते, तेवढं लक्षात असू द्या.

वाकड

हे लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं. लिहिते.

आम्ही दोघं आयटीत, २०१६ ला दोघांच्या पगारावर थ्री बीएचके बुक केलं. एक खोली आमची, एक बाळाची, एक आईबाबा आले की. कागदावर ते इतकं नीट बसत होतं! ताबा सव्वादोन वर्षं लांबला. त्या काळात भाडंही चालू आणि प्री-ईएमआयही, म्हणजे ताब्याआधीचा नुसता व्याजाचा हप्ताही चालू. ताबा मिळाला तेव्हा मला सातवा महिना होता. पूर्ण हप्ता सुरू झाला, ७२ हजार.

मुलगा साडेसात महिन्यांचाच झाला. काचेच्या पेटीत २३ दिवस. घरी आणला तेव्हा एक किलो नऊशे ग्रॅमचा होता, माझ्या नवऱ्याच्या कोपरापासून मनगटापर्यंत मावायचा. पगारी रजा २६ आठवड्यांची. तो वेळेआधी आला, त्यात सुरुवातीचे दिवस दवाखान्यात गेले, तो नीट बाळसं धरू लागला तोवर रजा सरत आली होती. डॉक्टर म्हणाले, वर्षभर तरी आईजवळ असू दे. मी बिनपगारी रजेचा अर्ज लिहिला होता, छापून पर्समध्ये ठेवला होता. रात्री जेवणाच्या टेबलावर आम्ही हिशेब मांडला. एका पगारातून ७२ हजार, मेंटेनन्स आणि त्याची औषधं गेल्यावर किराण्यालाही पुरेसं उरत नव्हतं. अर्ज पर्समध्येच राहिला.

ऑफिसात स्टेशनरीच्या खोलीत कड्या लावून दूध काढायचे, बाटली डब्याच्या पिशवीत बर्फात ठेवून घरी आणायचे. सासूबाईंनी त्याला जिवापाड सांभाळलं, त्यांचे उपकार आहेतच. पण तो पहिल्यांदा पालथा पडला ते मी फोनवर पाहिलं. आणि तिसऱ्या खोलीत त्या अख्ख्या वर्षात फ्रिजचं आणि वॉशिंग मशीनचं खोकं होतं, दुसरं काही नव्हतं. बाळाच्या खोलीत बाळ चार वर्षांचं होईपर्यंत झोपलं नाही. आपल्याकडे तान्ह्या मुलाला कोण वेगळ्या खोलीत निजवतं?

तो आता सात वर्षांचा आहे, खणखणीत आहे, घरभर सायकल फिरवतो. आज ते घर कामाला येतंय हे मी मान्य करते. तरी तुला एवढंच सांगेन, बाई, घर निवडताना खोल्या मोजण्याआधी एक वर्ष एकाच पगारावर हप्ता भरून बघ. कागदावर नको, खरंच. दुसरा पगार वर्षभर हात न लावता ठेव. जमलं तर घे.

नाशिक

आमच्याकडे उलटं झालं. टू बीएचके घेतलं, दुसऱ्या खोलीला फिकट पिवळा रंग दिला, छताला पाळण्यासाठी कडी बसवून घेतली. वास्तुशांतीला आलेला प्रत्येक जण त्या कडीकडे बघून हसला आणि आशीर्वाद देऊन गेला. मग सहा वर्षं गेली. उपचार झाले, दोनदा राहून गेलं. त्या खोलीचं दार आम्ही लावून ठेवू लागलो. पाहुणे "ही कोणती खोली?" म्हणून विचारायचे आणि बायको चहा ठेवायला आत जायची.

शेवटी तिनेच एका रविवारी दार उघडलं, रंग बदलला आणि खोलीत शिवणयंत्र आणून ठेवलं. कडी आहे अजून, तिला तिने मनीप्लँट टांगलाय. घराचा आकार आम्हाला चुकला नाही. पण ज्यांनी अजून सुरुवात केलेली नाही त्यांनी त्या खोलीला आधीपासून नाव देऊ नये असं मला मनापासून वाटतं. जास्तीची खोली म्हणा. ती कशाचीही होऊ शकते.

सांगली

इकडे वेगळी रीत. दोन गुंठे एनए (बिगरशेती) प्लॉट सासऱ्यांनी घेऊन ठेवला होता. २०१५ ला त्यावर हॉल, स्वयंपाकघर आणि एक खोली एवढंच बांधलं, पण पाया वरच्या मजल्याच्या हिशेबाने घातला आणि स्लॅबवर कॉलमचे गज सोडून ठेवले. त्या गजांना मिस्त्रीने सिमेंटची रबडी फासून दिली होती, तरी चार पावसाळ्यांत टोकं गंजली. दुसरी मुलगी झाल्यावर २०२१ ला वर चढवलं, तेव्हा गंजकं टोक कापून नवा गज जोडावा लागला. ज्यांना वर बांधायचंय त्यांनी गज हलक्या काँक्रीटमध्ये झाकून ठेवा, नुसत्या रबडीवर विसंबू नका. गरज वाढली तसं घर वाढलं. हे सुख फ्लॅटमध्ये नाही, पण सांगलीत तुमची नोकरी नाही, हेही कळतं.

आर्किटेक्ट, पुणे

आकड्यांपेक्षा नकाशा बघा. रेरा कायद्याच्या कार्पेटमध्ये आतल्या भिंतींची जाडी धरलेली असते, म्हणून ६४० म्हणजे ६४० चालायला मिळत नाही. त्यातून लांब पॅसेज असेल तर तीस-चाळीस फूट नुसते ये-जा करण्यात जातात. दुसऱ्या बेडरूममध्ये पाच बाय साडेसहाचा पलंग ठेवून कपाटाचं दार पूर्ण उघडतं का, ते टेप घेऊन जाऊन बघा. बाळ असलेल्या घरात दुसऱ्या खोलीपेक्षा दुसरं संडास-बाथरूम लवकर लागतं, बाळंतिणीची मालीश, शेक आणि बाकीच्यांची ऑफिसची घाई एकाच वेळी असते. आणि मायवान पद्धतीची, म्हणजे साच्यात काँक्रीट ओतून केलेली इमारत असेल तर आतल्या भिंतीही काँक्रीटच्या असतात. "पुढे भिंत पाडून मोठं करू" हा विचार तिथे चालत नाही.

वरळी

माझी तिन्ही मुलं बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांत वाढली. पुनर्विकासात आता ५०० फुटांचं घर मिळतंय, आनंद आहेच, एवढी वर्षं वाट बघितली. पण मुलं लहान होती तेव्हा मला कधी एकटं वाटलं नाही. भाजी आणायला जाताना लेकरू कोणाच्याही दारात ठेवायचं. कुठे ठेवलं ते नवऱ्याला सांगायचीही गरज नसायची, तो गॅलरीतून हाक मारत जायचा. माहेर चालत आहे म्हणतेस ना, ते सोडू नकोस पोरी.

धागा काढणारी, तीन आठवड्यांनी

सगळ्यांचं वाचलं, दोघांनी मिळून मोठ्याने वाचलं. वाकडच्या ताई, तुमचं वाचून नवरा उठून गॅलरीत गेला आणि बराच वेळ आत आला नाही.

पुनावळे सोडलं. पण ४३० चंही घेत नाही. त्याच गल्लीत एक जुनं टू बीएचके निघालं, कार्पेट ५४५, दोन बाथरूम, तिसरा मजला, लिफ्ट नाही, ६९ लाख. दुसरी बेडरूम लहान आहे, पलंग ठेवून मोजली, कपाटाचं दार उघडतं. या महिन्यापासून माझा पगार वेगळ्या खात्यात जातोय. ४८ हजारांचा हप्ता त्याच्या एकट्याच्या पगारात बसतो का ते आधी बघणार, मालकांनी दोन महिने थांबायची तयारी दाखवलीय.

काल आईला म्हटलं, घरून निघून चालत ये. मी खाली घड्याळ घेऊन उभी होते. रस्त्याला अकरा मिनिटं, तीन जिने चढायला चार. दुसऱ्या मजल्यावर कठडा धरून थांबली, गुडघे दुखतात तिचे, मग वर आली आणि आधी स्वयंपाकघराची खिडकी उघडून बघितली.

आता एक प्रश्न. इमारत १९९८ ची आहे आणि जमीन अजून सोसायटीच्या नावावर झालेली नाही. मानीव अभिहस्तांतरण (डीम्ड कन्व्हेयन्स, म्हणजे बिल्डरच्या सहीशिवाय जमीन सोसायटीच्या नावावर करून घेणं) करून घेतलेल्यांपैकी कोणी इथे असेल तर, टोकन देण्याआधी सोसायटीकडून नेमके कोणते कागद मागायचे ते लिहाल का?