सिंबाला मुलं किती? सीक्वेल मूळ कथेत धरायचे की नाही

रानवाट_२२
नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून धागा काढतेय. ‘द लायन किंग’ (१९९४) च्या शेवटी रफिकी, ते म्हातारं माकड, सिंह सिंबाचं एक पिल्लू उचलून सगळ्यांना दाखवतो. ते नक्की कोण? त्याच वर्षी निघालेल्या गोष्टींच्या पुस्तकांत सिंबाला कोपा नावाचा मुलगा आहे. मग १९९८ ला थेट व्हिडिओवर आलेल्या ‘सिंबाज प्राइड’ मध्ये ते पिल्लू म्हणजे मुलगी, कियारा, आणि कोपाचं नावसुद्धा कोणी काढत नाही. पुढे ‘द लायन गार्ड’ मालिकेत कियाराला धाकटा भाऊ, कायन, आणि मालिकेचा काळ म्हणे ९८ च्या सिनेमाच्या अध्येमध्ये, पण त्या सिनेमात हा मुलगा कुठेच दिसत नाही. आता यातलं अधिकृत काय धरायचं? मी आपलं सोपं ठरवलंय की थिएटरात आलं ते खरं, बाकी सगळं जोडकाम. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

खवचट_वाचक
जोडकामच आहे, त्यात प्रकाश काय टाकायचा. १९९४ ला अलादीनचा दुसरा भाग थेट व्हिडिओवर काढला, तो धो धो खपला, आणि मग प्रत्येक जुन्या सिनेमाला शेपूट लावायचा धंदा सुरू झाला. २००७ च्या सिंड्रेला ३ मध्ये तर सावत्र आई जादूची कांडी पळवून काळच उलटा फिरवते, म्हणजे मूळ गोष्ट घडलीच नाही असं करून टाकायचं आणि वर त्याला तिसरा भाग म्हणायचं! माझा नियम एकच, मूळ गोष्ट ज्यांनी घडवली ते नसतील तर तो भाग माझ्यासाठी नाहीच. ‘द लँड बिफोर टाइम’ डॉन ब्लूथने १९८८ ला केला, त्यावर १३ सीक्वेल निघाले, त्यातल्या एकातही तो नाही. १३!!

फ्रेमबायफ्रेम
दोघांशीही असहमत.

थिएटरचा नियम टिकत नाही कारण कुठे दाखवायचं हे पुष्कळदा शेवटी शेवटी ठरतं. टॉय स्टोरी २ मुळात व्हिडिओसाठीच सुरू झाला होता, मध्येच निर्णय फिरला आणि १९९९ ला थिएटरात आला. मोआना २ तर मालिका म्हणून चालू होती, तिचा सिनेमा करून २०२४ ला आणला. आता निर्णय फिरला नसता तर तीच गोष्ट खोटी ठरली असती का?

आणि खवचटराव, मूळ माणसं असली म्हणून गोष्ट जुळतेच असं कोणी सांगितलं. मॉन्स्टर्स इंक (२००१) मध्ये माइक हा राक्षस त्याच्या दोस्ताला, सलीला, म्हणतो की तू चौथीपासून माझ्या रूपावर जळतोस. २०१३ च्या मॉन्स्टर्स युनिव्हर्सिटीत दोघांची पहिली भेट कॉलेजात. स्टुडिओ तोच, आवाज देणारे तेच, तरी जुळेना.

मी एवढंच बघतो की पुढची गोष्ट त्याच्यावर उभी राहते का. कियारा आली व्हिडिओवाल्या सीक्वेलमधून, पण २०२४ च्या ‘मुफासा’त, म्हणजे सिंबाच्या बापाच्या सिनेमात, रफिकी गोष्ट सांगतो ती तिलाच. म्हणजे पंचवीसेक वर्षांनी का होईना तिला घरात घेतली. कोपाला कोणी विचारलं नाही, तो पुस्तकातच राहिला.

शंकासुर
थांबा थांबा, ‘मुफासा’ २०१९ च्या नव्या ‘लायन किंग’ला जोडलेला आहे, ९४ च्या नाही. त्यात तर मुफासा आणि सिंबाचा काका स्कार सख्खे भाऊसुद्धा नाहीत, स्कारच्या घरच्यांनी मुफासाला वाढवलेलं असतं. त्यामुळे कियाराचं नाव उचललं म्हणून ९८ चा अख्खा सिनेमा अधिकृत झाला असं होत नाही, नाव उचललंय, गोष्ट नाही. (शिवाय शेवटी तिला एक भाऊही होतो, तो कायन धरायचा की तिसराच कोणी हे आता ज्याचं त्याने ठरवावं.)

फ्रेमबायफ्रेम
@शंकासुर बरोबर, पण माझा मुद्दा तिथेच येतो की सिनेमा पूर्ण धरा किंवा पूर्ण सोडा असं नसतंच. माणसं तुकडे उचलतात.

अर्धवट_ॲनिमे
मला गंमत वाटते की डिस्ने आणि पिक्सारवाले यावर फारसं बोलतच नाहीत. स्टार वॉर्सच्या मालकांनी २०१४ मध्ये सरळ जाहीर केलं की जुन्या कादंबऱ्या-कॉमिक्स ‘लेजेंड्स’, म्हणजे दंतकथा, आणि २००८ ची क्लोन वॉर्स ॲनिमेशन मात्र खरी. लोक चिडले पण निदान कळलं तरी. ड्रॅगन बॉल या जपानी मालिकेत आणखी भारी प्रकार आहे, ब्रोली हे पात्र १९९३ च्या सिनेमातलं, तो सिनेमा मूळ मांगाच्या (जपानी कॉमिकच्या) कथेत बसवायला गेलं तर बसतच नाही, पण पात्र लोकांना इतकं आवडलं की २०१८ ला खुद्द मांगाकार तोरियामांनी पटकथा लिहून त्याला नव्याने आणलं, आता नवा ब्रोली धरतात आणि जुना वेगळा. मला वाटतं ज्या गोष्टी वर्षानुवर्षं पुढे सरकतात तिथे हा हिशोब लागतो कारण पुढच्या लेखकाला काय घडलंय ते माहीत असायला हवं. परीकथेत लग्न झालं, संपलं, तिथे कोण हिशोब मागतो.

रानवाट_२२
सगळ्यांचे आभार, चौथीचं ते माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. मग अलादीनचं काय करायचं? मला दुसरा भाग सोसत नाही कारण जिनीला रॉबिन विल्यम्सचा आवाज नाही. १९९६ च्या तिसऱ्यात तो परत आला आणि अलादीन-जास्मिनचं लग्नही त्यातच आहे, तर पहिला आणि तिसरा धरून दुसरा वगळते.

खवचट_वाचक
वगळा की. फक्त पहिल्याच्या शेवटी खलनायक जाफरबरोबर त्याचा पोपट इयागोपण दिव्यात ओढला गेला होता, आणि तिसऱ्यात तो अलादीनचा दोस्त म्हणून उडत फिरतोय. बाहेर कसा आला आणि सुधारला कधी, ते सगळं दुसऱ्यातच आहे.

रानवाट_२२
🙄 मी तर पोपट बघायचंच सोडून देते.